थांबायचं की निघायचं? टॅम्पा बेमध्ये नव्याने आलेल्यांसाठी हरिकेनचा निर्णय

फ्लोरिडात बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच सप्टेंबरात एक गोष्ट चकवते: इथे घरातून हलवायला कोणी येत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा प्रशासनाने गावोगावच्या लोकांना शाळांमध्ये आणि पक्क्या इमारतींमध्ये नेऊन ठेवलं होतं. इथे काउंटी (म्हणजे इथलं जिल्हा प्रशासन) घर सोडण्याचा आदेश काढते, फोनवर कर्कश अलर्ट वाजतो आणि पुढचं सगळं तुमच्यावर. गाडी तुमची, पेट्रोल तुमचं, जायचं कुठे तेही तुम्हीच बघायचं. आदेश ‘मँडेटरी’ असला तरी पोलीस दारातून ओढून नेत नाहीत. फक्त एवढं आधीच बजावतात की वारा चढल्यावर मदतीसाठी ९११ लावलात तर तो ओसरेपर्यंत कोणी येणार नाही.

म्हणून हा निर्णय घरात बसून, नवरा-बायकोने आणि आईवडील आलेले असतील तर त्यांच्यासह घ्यायचा असतो. त्याचा मोठा भाग वादळ येण्याआधीच उरकतो. अटलांटिकमधल्या हरिकेनचा, म्हणजे चक्रीवादळांचा, हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऐन भर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास. जूनमधला एखादा रिकामा शनिवार यासाठी काढा.

आधी आपला पत्ता तपासा

काउंटीच्या संकेतस्थळावर ‘नो युवर झोन’ नावाचा नकाशा असतो. हिल्सबरो, पिनेलास, पास्को, मॅनटी, प्रत्येकीचा वेगळा. पत्ता टाकला की ए, बी, सी, डी, ई यांपैकी एक अक्षर येतं किंवा ‘झोन नाही’ असं उत्तर मिळतं. ए म्हणजे सगळ्यात आधी पाणी शिरणारा भाग. आदेश या अक्षरांनुसार निघतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन वादळ येताना हिल्सबरोने ए आणि बी रिकामे करायला सांगितले, पिनेलासने ए, बी आणि सी. मोबाइल होममध्ये (तयार आणून उभ्या केलेल्या हलक्या घरात) राहणाऱ्यांना तर झोन कोणताही असो, निघायचंच होतं.

इथे नवे लोक हमखास गोंधळतात. घर घेताना किंवा भाड्याने घेताना एजंटने ‘फ्लड झोन एक्स आहे, काळजी नको’ असं सांगितलेलं असतं. ते विम्याचं आणि कर्जाचं प्रकरण. विम्याचा फ्लड झोन आणि रिकामं करण्याचा इव्हॅक्युएशन झोन हे दोन वेगळे नकाशे आहेत. एका नकाशात निर्धास्त असलेलं घर दुसऱ्यात बी किंवा सी असू शकतं. वादळाच्या वेळी फक्त दुसरा नकाशा बघायचा.

आपली बरीच मंडळी न्यू टॅम्पा आणि वेस्ली चॅपलकडे राहतात. तो भाग किनाऱ्यापासून आत असल्याने बहुतेक पत्ते झोनबाहेर पडतात. पण ऑफिसजवळ म्हणून वेस्टशोअर, रॉकी पॉइंट किंवा हार्बर आयलंडला अपार्टमेंट घेतलं असेल तर तुम्ही जवळजवळ पाण्यातच राहता. खिडकीतून दिसणाऱ्या खाडीचं भाडं वर्षभर भरायचं आणि सप्टेंबरात त्याच खाडीला घाबरून पळायचं, असा तो सौदा आहे.

कॅटेगरीचा आकडा बाजूला ठेवा

टीव्हीवर सतत दिसणारी एक ते पाच ही श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग मोजते. ताशी ७४ मैलांपासून पहिली, १११ पासून तिसरी, १५७ च्या पुढे पाचवी. पाणी किती येईल याचं उत्तर त्या आकड्यात नसतं, आणि किनाऱ्यावर जीव घेणारं मुख्यतः पाणीच असतं. वारा समुद्र ढकलत आणतो आणि तासा-दोन तासांत गल्लीत उधाण येतं. त्याला इथे स्टॉर्म सर्ज म्हणतात. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, तेही वेगात येणारं. टेक्सासमध्ये २००८ साली आइक दुसऱ्या श्रेणीचं वादळ म्हणून किनाऱ्याला लागलं. बोलिव्हर द्वीपकल्पावर त्याने १५ ते २० फूट पाणी आणून वस्तीच्या वस्ती पुसून टाकली.

टॅम्पा बेने २०२४ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन धडे पाहिले. ते समजून घेतले की बाकी बरंच आपोआप कळतं. २६ सप्टेंबरला हेलीन वादळ शंभरहून जास्त मैल दूर, मेक्सिकोच्या आखातातून उत्तरेला गेलं. इथे वारा काही भयंकर नव्हता. पण या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. ते आपल्या पश्चिमेकडून वर सरकलं की आपल्याकडे दक्षिणेचा वारा येतो आणि खाडीच्या तोंडातून पाणी आत कोंबत राहतो. सहा-सात फूट उधाण आलं. सेंट पीटर्सबर्गच्या भरतीमापकावर एवढं पाणी आधी कधी नोंदलं गेलं नव्हतं. पिनेलासमध्ये १२ जण गेले, बहुतेक बुडून.

मग ९ ऑक्टोबरच्या रात्री मिल्टन आलं. आखातात ते पाचव्या श्रेणीला पोचलं होतं. टॅम्पाच्या महापौर जेन कॅस्टर यांनी टीव्हीवर स्पष्ट सांगितलं होतं की आदेश असलेल्या भागात थांबलात तर मराल. वादळ तिसऱ्या श्रेणीचं होऊन टॅम्पाच्या दक्षिणेला, सिएस्टा की बेटाजवळ किनाऱ्याला लागलं. त्यामुळे टॅम्पावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि खाडीतलं पाणी उलट बाहेर खेचलं गेलं. तेच वादळ वीस-तीस मैल उत्तरेला सरकलं असतं तर काय झालं असतं, त्याचा विचार करा. बऱ्याच जणांनी मात्र वेगळाच अर्थ काढला: ‘उगाच घाबरवलं.’ शेजारच्या पार्टीत हे वाक्य तुमच्याही कानावर पडेल. ते बोलणाऱ्याचा झोन कोणता, हे आधी विचारा.

शंकूची मधली रेघ

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दर सहा तासांनी अंदाज देतं. उन्हाळी वेळेप्रमाणे पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५ आणि रात्री ११. किनाऱ्यासाठी इशारे लागू झाले की मध्ये तीन तासांनीही माहिती येते. त्यांचा पांढरा शंकू तुम्ही पाहिलाच असेल. हा शंकू वादळाचा आकार दाखवत नाही, त्याचं केंद्र कुठून जाऊ शकेल तेवढंच दाखवतो. आणि साधारण तीनपैकी एका वेळी केंद्र त्याच्याही बाहेर जातं. शंकूच्या बाहेर आहोत म्हणजे सुटलो, असं नाही. हेलीनच्या वेळी टॅम्पाला बुडवणारं पाणी केंद्रापासून शंभर मैलांवर होतं.

शंकूच्या मधल्या रेघेकडे बघत बसण्याची किंमत २०२२ मध्ये फोर्ट मायर्सने मोजली. इयन वादळ कित्येक दिवस टॅम्पाकडे येताना दिसत होतं. ते दक्षिणेकडे झुकत गेलं. तिथल्या ली काउंटीचा आदेश २७ सप्टेंबरच्या सकाळी निघाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ कायो कोस्टा बेटाला धडकलं. फोर्ट मायर्स बीचवर १० ते १५ फूट पाणी आलं. तीन दिवस आधीच्या अंदाजात शंभर मैलांची चूक अगदी सामान्य मानली जाते. टॅम्पा ते फोर्ट मायर्स अंतर जेमतेम तेवढंच.

शंकूपेक्षा दोन नकाशे जास्त उपयोगाचे आहेत आणि नव्या लोकांना ते कोणी सांगत नाही. पहिला, संभाव्य उधाणाचा नकाशा. तुमच्या गल्लीत जमिनीपासून किती फूट पाणी येऊ शकतं ते त्यात रंगाने दाखवतात. तो मुद्दाम वाईट शक्यता धरून काढलेला असतो. त्याहून जास्त पाणी येण्याची शक्यता दहात एक. दुसरा, वारा पोचण्याच्या वेळेचा नकाशा.

खरी मुदत कोणती

‘वादळ बुधवारी रात्री येणार’ असं ऐकलं की आपण बुधवारी दुपारपर्यंत वेळ आहे असं धरतो. ती वेळ केंद्राची असते. ताशी ३९ मैलांचा वारा त्याच्या कितीतरी तास आधी पोचतो, आणि तो सतत वाहू लागला की मामला संपला. ४० च्या आसपास खाडीवरचा सनशाइन स्कायवे पूल बंद होतो, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाच्या गाड्या थांबतात. वाऱ्याच्या नकाशात ‘लवकरात लवकर’ अशी एक वेळ दिलेली असते. तीच तुमची मुदत. त्याआधी गाडीतून उतरून, मुक्कामाच्या ठिकाणी सामान आत नेलेलं असलं पाहिजे.

मुदतीपासून उलटं मोजत या. हरिकेन वॉच (वादळ येऊ शकतं असा पहिला इशारा) साधारण ४८ तास आधी लागतो, वॉर्निंग (पक्का इशारा) ३६ तास आधी. तोवर पेट्रोल पंपांवर रांगा लागलेल्या असतात. मिल्टनच्या वेळी इथले कितीतरी पंप कोरडे पडले होते. म्हणून हंगामात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. विमानाचा भरवसा धरू नका. मिल्टन बुधवारी रात्री आलं, टॅम्पाचा विमानतळ मंगळवारी सकाळी ९ लाच बंद झाला होता.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. ए किंवा बी झोनमध्ये असाल तर सर्ज वॉच, म्हणजे उधाणाचा पहिला इशारा, लागला की निघा, आदेशाची वाट बघू नका. सी ते ईमध्ये असाल तर आदेश आला की त्याच दिवशी निघा. रात्रीवर ढकलू नका. अपार्टमेंट सहाव्या मजल्यावर असलं तरी ए झोनचा आदेश तुम्हालाही लागू आहे. घरात पाणी येणार नाही, पण लिफ्ट बंद, नळ बंद, संडास बंद, गाडी खाली पार्किंगमध्ये बुडलेली, आणि शिवाय उंचावर वारा जास्त. अशा फ्लॅटमध्ये आई-बाबांना घेऊन चार दिवस काढून दाखवा.

झोन नाही, मग थांबायचं?

बहुतेकदा हो. हे जरा ठासून सांगतो, कारण आपल्या लोकांची चूक अनेकदा उलट्या दिशेने होते. भारतातून फोन सुरू झाले की वेस्ली चॅपलमधल्या पक्क्या घरातलं कुटुंबही अटलांटाला निघतं. त्याने हायवे तुंबतो आणि ज्यांना खरंच निघायचंय ते अडकतात. इथले आपत्ती व्यवस्थापनवाले सांगतात की पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. लपण्याजोगं घर असेल तर घरातच लपावं.

घर लपण्याजोगं आहे का? १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून ते राज्यभर लागू झाले. त्यानंतरचं काँक्रीट ब्लॉकचं घर, खिडक्यांना शटर किंवा मार सोसणारी इम्पॅक्ट काच, वाऱ्याला टिकणारं गॅरेजचं दार असेल तर चांगलं. नदी-ओढ्याकाठचं घर असेल तर झोन नसला तरी पावसाचं पाणी बघा. मिल्टनने सेंट पीटर्सबर्गवर १८ इंच पाऊस ओतला आणि हिल्सबरो नदी नंतर कित्येक दिवस फुगलेली होती. मोबाइल होममध्ये मात्र कुठेही थांबू नका. मिल्टनच्या दिवशी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, फोर्ट पियर्सजवळ, टोर्नेडोने सहा जणांचा बळी घेतला. ती वसाहत अशाच हलक्या घरांची होती.

दुसरा प्रश्न घरातल्या माणसांचा. वादळानंतर वीज आठवडाभर नसू शकते आणि सप्टेंबरात इथे एसीशिवाय घर भट्टी होतं. २०१७ मध्ये इर्मा वादळानंतर फ्लोरिडातल्याच हॉलिवुड या शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये एसी बंद पडून १२ वृद्ध गेले. तान्हं बाळ, दिवस भरत आलेली बायको, ऑक्सिजन किंवा डायलिसिसवरचं माणूस, सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे असतील तर घर भक्कम असूनही वीज असलेल्या ठिकाणी जायचा विचार करा. वैद्यकीय गरज असलेल्यांसाठी काउंटीचे खास निवारे असतात. त्यांची नोंदणी वादळाआधी करावी लागते.

जायचं कुठे

दहा-वीस मैल पुरतात, शेकडो नाही. ए झोनमधल्या कुटुंबाला सर्वात चांगली जागा म्हणजे झोनबाहेरच्या मित्राचं पक्कं घर. संकोच सोडून जूनमध्येच विचारून ठेवा: ‘वेळ आली तर चौघं येऊ का?’ जाताना आपले तांदूळ, डाळ, पाणी, पांघरुणं घेऊन जा. इथल्या बहुतेक शेगड्या विजेच्या असतात, त्यामुळे वीज गेल्यावर घरभर माणसं आणि भात शिजवायला काही नाही अशी गत होते. कॅम्पिंगची गॅस शेगडी आणा, पण ती अंगणातच पेटवा.

मित्र नसेल तर ऑर्लँडोकडे हॉटेल. पैसे परत मिळणारं बुकिंग पाच दिवस आधी करून ठेवा, शंकूत नाव आलं की लगेच. वादळाच्या वाटेनेच पळू नका: इर्माच्या वेळी मायामीहून कित्येक जण पश्चिम किनाऱ्याला आले आणि वादळही मागोमाग इकडेच वळलं. तिसरा पर्याय काउंटीचा निवारा, बहुधा एखादी शाळा. गाडी नसेल तर काउंटीच्या बस तिथपर्यंत नेतात. अंथरूण आपलं आपण न्यायचं. शाकाहारी असाल तर खाणंही.

बॅगेत काय

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला एक गॅलन, हे इथे सगळेच सांगतात. आपल्या लोकांचं वेगळं आहे ते कागदांचं. पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा अर्ज मंजुरीची नोटीस), आय-९४ (देशातल्या प्रवेशाची नोंद) ची प्रत, ईएडी (कामाच्या परवान्याचं) कार्ड, विद्यार्थी असाल तर कॉलेजचं आय-२०, मुलांचे जन्मदाखले, ओसीआय कार्ड, लग्नाचा दाखला, घराचा करार. पाण्यात गेलेलं आय-७९७ पुन्हा मिळवायला महिने जातात. सगळं जाड प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत, फोटो क्लाउडवर. फ्लोरिडासाठी भारताचं वाणिज्य दूतावास अटलांटात आहे, पासपोर्ट गेला तर काम तिथलं. आई-बाबा सहा महिन्यांची औषधं भारतातून घेऊन येतात. त्या गोळ्यांची पिशवी, डॉक्टरची चिठ्ठी आणि व्हिजिटर विम्याचं कार्ड त्यांच्या हातातल्या पर्समध्येच हवं, डिकीत नको.

विमा वादळाच्या आठवड्यात घेता येत नाही. सरकारी फ्लड इन्शुरन्स घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, आणि घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान नसतं. निघण्याआधी प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढा.

दोन गाड्या असतील तर मागे राहणारी उंच पार्किंग इमारतीत नेऊन ठेवा. ती टेस्ला असेल तर नक्कीच. खारं पाणी शिरलेली बॅटरी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. हेलीननंतर इथल्या गॅरेजमध्ये अशा आगी लागल्या.

भारतातल्या फोनचं एक करा. साडेनऊ तासांच्या फरकामुळे तुमची ऐन धावपळीची वेळ म्हणजे तिकडच्या बातम्यांची वेळ. कुटुंबातल्या एकालाच माहिती द्यायची, तो बाकीच्यांना सांगेल. मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या रंगीबेरंगी मॉडेलच्या रेघा वाचत बसू नका. तिथे खोली रिकामी कोणाकडे आहे एवढंच विचारा.

ह्यूस्टनला असाल तर

हिशेब तोच, वस्ती वेगळी. तिथले झोन पिनकोडवार आणि किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टनच्या बाजूचे. शुगरलँड, केटीकडची आपली मंडळी त्यांत येत नाहीत. २००५ मध्ये रिटा वादळ येताना कॅटरिना वादळाची आठवण ताजी होती, म्हणून झोनबाहेरचेही लाखो लोक निघाले. शंभर मैलांच्या रांगा, उकाडा, आणि वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणारी बस डॅलसजवळ पेटून २३ जण गेले. वादळापेक्षा त्या पळापळीने जास्त बळी घेतले. तिथल्या घरांना मुख्य धोका पावसाच्या पुराचा, हार्वीने २०१७ मध्ये दाखवला तसा, आणि वीज जाण्याचा. २०२४ च्या जुलैतलं बेरिल पहिल्या श्रेणीचंच होतं, तरी वीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले.

परतताना

काउंटी रस्ते खुले झाल्याचं सांगेपर्यंत निघू नका. पुलापलीकडच्या बेटांवर रहिवासी असल्याचा पास दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. वाटेत पाणी साचलं असेल तर वळा. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं. जनरेटर घरापासून २० फूट लांब, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. घरात पाणी शिरलं असेल तर वीज स्वतः चालू करू नका. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो काढा, मग ओला गालिचा बाहेर फेका. विमावाल्याला रेष बघायची असते, गालिच्याचा एक तुकडा जपून ठेवला तरी भागतं.